अपग्रेड करा म्हणता, पण आमच्या जुन्या मराठी फाइलींचं काय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या ऑक्टोबरात आपल्या पेपरात चौकट आली होती, १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट, म्हणजे मायक्रोसॉफ्टचे नेहमीचे सुरक्षा अपडेट, संपतोय, वेळेत विंडोज ११ वर जा म्हणून. बातमी खरी होती आणि वेळेवर होती, मी ती कापून दुकानात काउंटरच्या काचेखाली ठेवली. पण वर जायचं म्हणजे नक्की काय काय करायचं, आणि मराठीत काम करणाऱ्या माणसाने त्याआधी काय बघून ठेवायला पाहिजे, हे मला तेव्हाही कुठे मराठीत वाचायला मिळालं नाही आणि अजूनही मिळत नाही. जे आहे ते सगळं इंग्रजीत, आणि ते लिहिणाऱ्याला कृती देव नावाचा जुना मराठी फॉन्ट म्हणजे काय हे माहीत असायचं काही कारण नाही. म्हणून माझ्या दुकानात जे जे झालं ते लिहून पाठवतेय. पत्र लांब झालंय, जागा नसेल तर बाकी काहीही कापा पण फॉन्टचा भाग तेवढा राहू द्या ही विनंती.

नाशिकला जुन्या सीबीएसजवळ, म्हणजे जुन्या बसस्टँडजवळ, माझं टायपिंग आणि डीटीपीचं, म्हणजे कम्प्युटरवर छपाईचा मजकूर जुळवून द्यायचं, छोटं दुकान आहे, २००३ पासून. मराठी ३० आणि ४० (मिनिटाला तितके शब्द) या दोन्ही परीक्षा मी टाइपरायटरवर दिल्या, बोटं अजून त्याच पद्धतीने चालतात. एका अंगाला कोर्ट, दुसऱ्या अंगाला कलेक्टर ऑफिस, त्यामुळे प्रतिज्ञापत्र, भाडेकरार, वाटणीपत्र, खरेदीखताचा मसुदा, वारस नोंदीचे अर्ज असं काम दिवसभर चालू असतं, दिंडोरी निफाडहून शेतकरी सकाळच्या एसटीने येतात आणि दुपारच्या आत कागद हातात पाहिजे असतो. लग्नसराईत पत्रिकेचे मजकूर वेगळे. दुकानात दोन कम्प्युटर आहेत, एक २०१४ चा आणि एक २०१९ चा, दोन्ही असेंबल केलेले.

बातमी वाचली तेव्हा दिवाळी तोंडावर होती, म्हटलं कोर्टाला सुट्टी लागली की बघू. भाऊबीजेला भाऊ आला, सोबत भाचा होता, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, तो म्हणाला आत्या दोन तासाचं काम आहे. ते दोन तासाचं काम चार दिवस चाललं, आणि त्यात त्याची काही चूक नव्हती हे मुद्दाम सांगते, कारण घराघरात अशीच पोरं हे काम करतायत आणि काही बिघडलं की बोलणी त्यांनाच बसतात.

पहिली अडचण सुरुवातीलाच आली. मायक्रोसॉफ्टचं एक पीसी हेल्थ चेक म्हणून छोटं ॲप आहे, ते चालवलं की तुमचा कम्प्युटर विंडोज ११ ला चालेल का ते सांगतं. दोन्ही कम्प्युटरवर उत्तर आलं, चालणार नाही. २०१४ चं समजू शकतो, त्यातला प्रोसेसर इंटेलच्या चौथ्या पिढीचा आहे आणि विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. पण २०१९ वाल्यात आय३ ८१०० आहे, म्हणजे आठवी पिढीच, रॅम ८ जीबी, मग तो का नाही? तर त्यात टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी सोय) नाही असं दाखवत होतं. खरं म्हणजे होतं, फक्त बंद होतं. इंटेलच्या बोर्डवर ते बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये) पीटीटी या नावाने असतं आणि एएमडीवाल्यांकडे एफटीपीएम या नावाने, टीपीएम असा शब्द शोधत बसलात तर सापडतच नाही बऱ्याचदा. माझ्या ओळखीतल्या एका शाळेच्या क्लार्कने याच मेसेजवरून कम्प्युटर बाद समजून भंगारात द्यायला काढला होता, मी फोन करून थांबवलं. तेव्हा वाचकांना पहिली विनंती हीच की मशीन २०१८ नंतरचं असेल तर कुणी बाद म्हटलं तरी आधी बायोसमध्ये हे बघून घ्या.

पीटीटी चालू केलं तरी सिक्युअर बूट (विंडोज ११ ला लागणारी, मशीन सुरू होतानाची सुरक्षा) चालू होत नव्हतं, कारण विंडोज जुन्या पद्धतीने टाकलेलं, डिस्कची मांडणी जुन्या एमबीआर प्रकारची होती आणि यूईएफआयला, म्हणजे बायोसच्या नव्या पद्धतीला, जीपीटी ही नवी मांडणी लागते. त्यासाठी विंडोजमध्येच एमबीआर टू जीपीटी अशी कमांड आहे, डेटा न पुसता डिस्क बदलते, पण तिच्या अटी आहेत आणि त्या आपल्याकडच्या असेंबल मशीनला नेमक्या आडव्या येतात. आपल्याकडे दुकानदार डिस्कचे सी, डी, ई, एफ असे कप्पे पाडून देतो, आपणच सांगतो तसं, एक विंडोजला एक कामाला एक फोटोला. त्यातले पुढचे कप्पे एक्स्टेंडेड पार्टिशनच्या आत असतात आणि ते असले की ही कमांड तपासणीतच नापास करते. आमचंही तेच झालं. मग डी आणि ई मधलं सगळं बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी केलं, दुसऱ्या दिवशी उघडून उघडून तपासलं की खरंच कॉपी झालंय, मग ते कप्पे उडवले, परत तपासणी केली, पास झाली, मग बदललं, मग बायोसमध्ये जाऊन लेगसी या जुन्या पद्धतीचं यूईएफआय केलं. हा क्रम चुकला तर मशीन सुरूच होत नाही. त्यात आमच्याकडे सिंहस्थाच्या कामाची खोदाई चालू आहे त्यामुळे वीज कधी जाईल नेम नाही, म्हणून हे सगळं रात्री दहानंतर यूपीएसवर केलं आणि बाकी सगळे दिवेबिवे बंद ठेवले. वरवर सोपं दिसतं म्हणून कुणी दुपारी गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना हे काम काढू नका.

अपग्रेड स्वतः नीट झालं. तीन तास लागले कारण डिस्क जुनी फिरणारी होती, नंतर एमजी रोडवरून एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, आणून टाकली तेव्हा फरक कळला, तो खर्च आधीच केला असता तर बरं झालं असतं. पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा सगळं अनोळखी वाटलं. स्टार्टचं बटण मधे, ते सेटिंगमध्ये पर्सनलायझेशन, टास्कबार असं जाऊन डावीकडे घेता येतं, ते पहिलं केलं कारण वीस बावीस वर्षं हात डाव्या कोपऱ्यात जातो. राइट क्लिक केलं की अर्धेच पर्याय दिसतात, बाकीचे शो मोअर ऑप्शन्सच्या मागे, त्याला शिफ्ट दाबून राइट क्लिक करायचं. पण काही गोष्टी खरंच चांगल्या आहेत. फोल्डरच्या खिडकीत टॅब आलेत, आणि विंडोजचं बटण आणि झेड दाबलं की पडदा वाटून देतं, एका बाजूला जुना करार आणि दुसऱ्या बाजूला नवीन, बघून बघून टाइप करायला इतकं सोयीचं आहे की त्याच्याशिवाय आता मला चालणार नाही.

एक गोष्ट मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवा, अपग्रेडनंतर १० दिवसांपर्यंत परत विंडोज १० वर जाता येतं, रिकव्हरीमध्ये गो बॅक म्हणून बटण असतं. त्यासाठी विंडोज डॉट ओल्ड नावाचं फोल्डर तो ठेवतो, ते बरीच जागा खातं, आणि जागा कमी पडते म्हणून कुणी डिस्क क्लीनअप करून ते उडवलं की परतीचा रस्ता संपला. दहा दिवस त्याला हात लावू नका आणि त्या दहा दिवसांत आपली सगळी कामं एकदा तरी करून बघा, नुसतं चालू होतंय म्हणून खूश होऊ नका.

माझं तिसऱ्या दिवशी अडलं. विंडोज सिक्युरिटीत पिवळा त्रिकोण दिसत होता, मेमरी इंटिग्रिटी नावाची सुरक्षा बंद आहे म्हणून. भाच्याने ती चालू करायला घेतली तर एका जुन्या ड्रायव्हरचं (जोडलेलं उपकरण चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचं) नाव दाखवलं, हा चालत नाही, आधी काढा. त्याने काढला. आणि आमचं मराठी डीटीपीचं सॉफ्टवेअर उघडेना. तो ड्रायव्हर होता सॉफ्टवेअरच्या हार्डवेअर लॉकचा, यूएसबीला मागे लावतात तो छोटा ठोकळा, तो असल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही. कंपनीला फोन केला, ते म्हणाले तुमचं व्हर्जन फार जुनं आहे, नवीन घ्या. मी २००६ मध्ये पूर्ण पैसे देऊन घेतलेलं सॉफ्टवेअर आहे, बिलासकट, चोरून घेतलेलं नाही. आणखी एक फॉन्टची सीडी होती नव्वदच्या दशकातली, गुरुजींकडून मिळालेली, तिचं इन्स्टॉलेशनच होत नाही कारण विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येतं आणि १६ बिटचे, म्हणजे फार जुन्या काळचे प्रोग्रॅम त्यावर चालत नाहीत.

आता मुख्य मुद्दा, ज्याच्यासाठी हे सगळं लिहितेय.

बऱ्याच लोकांना, अगदी रोज मराठी टाइप करणाऱ्यांनाही, हे माहीत नसतं की त्यांच्या फाइलीत मराठी नसतंच. जुन्या फॉन्टमध्ये काय असतं सांगते. कृती देवमध्ये मी 'राम' टाइप केलं तर फाइलीत खरं म्हणजे जे, के आणि ई ही तीन इंग्रजी अक्षरं साठवलेली असतात, फॉन्ट फक्त जे च्या जागी र चं चित्र, के च्या जागी काना आणि ई च्या जागी म चं चित्र दाखवतो. फॉन्ट आहे तोवर राम, फॉन्ट गेला की जे के ई. फॉन्ट बदलला, म्हणजे दुसऱ्या कंपनीचा लावला, तर तिसरंच काहीतरी, कारण प्रत्येकाने अक्षरं आपल्या आपल्या जागी बसवली आहेत. युनिकोड या जगभरच्या सामाईक पद्धतीत तसं नाही, क ला स्वतःचा नंबर आहे, ०९१५, तो जगातल्या कुठल्याही मशीनवर, फोनवर क च राहतो, फॉन्ट कुठलाही असो. माझ्याकडे २००३ पासूनच्या साधारण नऊ हजार फाइली आहेत आणि त्यातल्या २०१५ पर्यंतच्या जवळजवळ सगळ्या पहिल्या प्रकारच्या. वाटणीपत्रं आहेत, त्यात चतुःसीमा आहेत, ज्यांनी केली त्यातले कितीतरी लोक आता हयात नाहीत, आणि त्यांची मुलं येऊन विचारतात ताई बाबांच्या वेळचा मसुदा असेल का तुमच्याकडे. सही शिक्क्याचा कागद ऑफिसात असतो हे खरं, पण तो शोधायला काय लागतं ते ज्याला शोधावा लागतो त्याला माहीत.

म्हटलं आता सगळं युनिकोडमध्ये करून टाकू, कन्व्हर्टर मिळतात, मजकूर चिकटवायचा आणि बदलून घ्यायचा. पहिलीच फाइल बदलली आणि वाचायला घेतली, त्यात एका ठिकाणी आलं "७ध्१२ उतारा". मला दोन मिनिटं कळेना हे काय. तर मूळ मजकुरात ७/१२ मधली तिरकी रेघ इंग्रजी फॉन्टमध्ये होती, आणि कृती देवमध्ये त्या रेघेच्या जागी अर्धा ध असतो, कन्व्हर्टरला सगळा मजकूर कृती देवच वाटला म्हणून त्याने सातबाराच्या मधे अर्धा ध घातला. मग बघत गेले तर गट नंबर १४५/२ चं १४५ध्२ झालेलं, तारखा तशाच, ईमेलचे पत्ते तर ओळखू येत नाहीत असे. जमिनीच्या कागदात हे चालेल का? एखाद्याने न वाचता प्रिंट काढली आणि सही झाली तर त्याचं पुढे काय?

ऱ्हस्व वेलांटीचं असंच आहे, जुन्या फॉन्टमध्ये ती अक्षराच्या आधी टाइप होते आणि युनिकोडमध्ये नंतर साठवतात, साध्या शब्दाला कन्व्हर्टर ती बरोबर उचलून मागे नेतो पण जोडाक्षर आलं किंवा वर रफार आला की अडखळतो. आणि सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे आपला अर्धा र, शेतकऱ्यांच्या मधला. तो युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो, एक खालच्या टिंबाचा ऱ घेऊन, आणि दुसरा साधा र, हलन्त आणि मधे एक न दिसणारं जोडचिन्ह घालून. डोळ्याला दोन्ही अगदी सारखे दिसतात. माझा कन्व्हर्टर दुसऱ्या प्रकाराने लिहितो आणि विंडोजच्या मराठी कीबोर्डवर मी पहिल्या प्रकाराने टाइप करते. परिणाम असा की फाइलीत शब्द समोर दिसतोय पण शोधायला गेलं की कम्प्युटर म्हणतो सापडला नाही. मला हे कळायला दोन दिवस गेले, तोवर मला वाटत होतं फाइलच खराब झाली. आता फाइंड रिप्लेस करून सगळीकडे पहिला प्रकार करून घेते.

कीबोर्डचं सांगायचं तर विंडोजमध्ये मराठी भाषा ॲड केली की इन्स्क्रिप्ट हा भारतीय भाषांचा प्रमाण कीबोर्ड येतो, आणि मराठी फोनेटिक म्हणून दुसरा आहे, इंग्रजी स्पेलिंगने टाइप करायचा, नवीन मुलांना तो बरा पडतो. आमच्या पिढीचा टाइपरायटरचा, म्हणजे रेमिंग्टन पद्धतीचा मात्र विंडोजबरोबर येत नाही, तो वेगळा टाकावा लागतो. विंडोजचं बटण आणि स्पेसबार दाबलं की भाषा बदलते. मी सध्या इन्स्क्रिप्ट शिकतेय, रोज सकाळी दुकान उघडलं की वीस मिनिटं, स्पीड अजून निम्माही नाही पण येतोय.

नवीन मशीन घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट, कारण नाशिकरोडला माझी एक मैत्रीण याच धंद्यात आहे तिला याचा फटका बसला. तिचे सगळे नमुने मंगल फॉन्टमध्ये, म्हणजे युनिकोडच, त्यामुळे ती निर्धास्त होती. पण नवीन विंडोजमध्ये मंगल आपोआप येतोच असं नाही, मराठी किंवा हिंदी भाषा ॲड केली किंवा ऑप्शनल फीचर्समधून देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स घेतले की येतो. तो नव्हता म्हणून वर्डने त्याच्या जागी निर्मला हा दुसरा फॉन्ट लावला, अक्षरं नीट दिसत होती म्हणून तिला कळलंच नाही, पण ओळींची उंची बदलली आणि सह्यांची जागा सरकली. गिऱ्हाइकाने आणलेल्या ५०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर प्रिंट काढली तर साक्षीदारांची दोन नावं पानाखाली गेली. पूर्वी १०० चा स्टॅम्प चालायचा तेव्हा सुद्धा जीव हळहळायचा, आता ५०० चा वाया गेला तर तो आपणच भरून द्यायचा असतो. मी तेव्हापासून नवीन मशीनवर किंवा नवीन ड्रायव्हरवर पहिली प्रिंट कोऱ्या कागदावर काढते, त्यावर स्टॅम्प पेपर ठेवून उजेडाकडे धरून बघते आणि मगच खरी काढते. प्रिंटरचा ड्रायव्हर बदलला की पेपर साइजही गुपचूप ए४ होते, आमच्याकडे त्याहून लांब लीगल लागतो, ते पण बघून घ्या. सगळे कागद पीडीएफ करून ठेवले तर हा प्रश्न येत नाही, कारण पीडीएफमध्ये फॉन्ट आतच बसवलेला असतो.

प्रिंटर आमचा जुन्या कम्प्युटरला जोडलेला, आणि जुनी कामंही त्याच्यावरच्या शेअर केलेल्या फोल्डरमध्ये. अपग्रेड झाल्यावर नव्या मशीनवरून ते फोल्डर उघडेना. भाच्याने शोधून काढलं की नव्या आवृत्तीत पासवर्ड नसलेलं शेअरिंग बंद केलंय, सुरक्षेसाठी. ते बरोबरच आहे, मला पटलं, इतकी वर्षं बिनपासवर्डचं ठेवलं होतं. जुन्या मशीनवर पासवर्डवालं एक खातं तयार केलं, नव्यावर तेच नाव आणि पासवर्ड भरला, सुरू झालं. इंटरनेटवर ती सुरक्षाच बंद करायचे उपाय दिलेले असतात ते करू नका.

आणि आता वकीलसाहेबांची गोष्ट, ही ऐकून तरी लोक जागे व्हावेत. आमच्याकडे पंधरा वर्षं येणारे एक वकील आहेत. त्यांच्या मुलाने विंडोज ११ च्या तयारीला म्हणून त्यांच्या लॅपटॉपचं बायोस अपडेट केलं, सुट्टी संपून कोर्ट उघडणार त्याच्या आदल्या रात्री. सकाळी साडेआठला साहेब लॅपटॉप घेऊन माझ्या दुकानात, पडदा निळा, बिटलॉकर रिकव्हरी की टाका. ४८ आकडी. त्यांनी कधी बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप, लावलंच नव्हतं, पण हल्लीच्या लॅपटॉपमध्ये मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन-इन केलं की डिस्क आपोआप कुलूपबंद होऊ शकते आणि किल्ली त्या अकाउंटमध्ये जाऊन बसते. बायोस बदललं की लॅपटॉपला शंका येते आणि तो किल्ली मागतो. अकरा वाजता युक्तिवाद, सगळे मुद्दे लॅपटॉपमध्ये. साहेबांचा हात थरथरत होता, मी त्यांना पहिल्यांदाच तसं बघितलं. अकाउंट कुठल्या ईमेलचं हेच आठवेना. शेवटी आठवलं, फोनवरून उघडलं, ओटीपी वहिनींच्या मोबाइलवर गेला, वहिनी स्वयंपाकात, तीनदा फोन केल्यावर उचलला. अकाउंटच्या डिव्हाइसेसमध्ये रिकव्हरी की होती, पण दोन होत्या, लॅपटॉपच्या पडद्यावर जो की आयडी येतो त्याची पहिली अक्षरं जुळवून बरोबर ती घ्यायची. साहेब सहा सहा आकडे वाचत होते, मी टाकत होते, आठ गट. उघडलं तेव्हा पावणेदहा झाले होते.

ती किल्ली तुमच्याकडे आहे का ते आजच बघा. अकाउंट उघडा, ४८ आकडे कागदावर लिहा किंवा छापा आणि घरातल्या महत्त्वाच्या कागदांबरोबर ठेवा, त्याच लॅपटॉपमध्ये नाही. आणि बायोसला हात लावायच्या आधी बिटलॉकर सस्पेंड, म्हणजे तात्पुरतं बंद, करा. किल्ली नसेल तर दुकानदार, इंजिनिअर, कंपनी कुणीही ती डिस्क उघडू शकत नाही, फॉरमॅट हाच उपाय उरतो.

याला जोडूनच आणखी एक. अपग्रेडनंतर विचारतात बॅकअप चालू करू का, आपण हो म्हणतो, आणि डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स वनड्राइव्हमध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरच्या जागेत, जातात. फुकट जागा फक्त ५ जीबी. ती भरली की रोज लाल फुली, आणि काही जणांना वाटतं फाइली गेल्या. गेलेल्या नसतात, वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये डेस्कटॉप म्हणून वेगळं फोल्डर असतं तिथे बघा. घाबरून काहीतरी डिलीट करू नका, एका ठिकाणी केलं की दुसरीकडूनही जातं.

राहिला २०१४ चा कम्प्युटर. तो विंडोज ११ ला पात्र नाही पण तो बंद पडलेला नाही, त्याच्यावर रोज काम होतं. नियम चुकवून टाकायचे मार्ग आहेत, पण तसं केलेल्या मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच याची खात्री मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि लोकांचे आधार, पॅन ज्या मशीनवरून जातात तिथे मला तो धोका घ्यायचा नाही. त्यावर विंडोज १० चे वाढीव सुरक्षा अपडेट घेतलेत, मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन-इन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर ते फुकट मिळतात, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. हे सुद्धा किती जणांना माहीत आहे? माझ्या गल्लीत तरी कुणाला नव्हतं. भाचा म्हणाला आत्या यावर लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी फुकट प्रणाली) टाकू, घरी नुसतं इंटरनेट बघायचं असतं तर टाकलं असतं आणि ज्यांचं तेवढंच काम आहे त्यांनी जरूर टाकावं, पण माझं लॉकवालं सॉफ्टवेअर त्यावर चालत नाही. तो ठोकळा आता त्याच मशीनला लावलाय. १३ ऑक्टोबरनंतर त्याची इंटरनेटची वायर काढणार आणि फक्त जुन्या फाइली उघडायला ठेवणार.

संपादक साहेब, आपल्याकडे दोन मागण्या आहेत. पहिली, आपल्या पेपरात आठवड्यातून एक छोटी चौकट कम्प्युटरच्या अशा कामांवर मराठीत द्या, बातमी नको, काय करायचं ते द्या. दुसरी, हे पत्र वाचून निदान नाशिकमधल्या सरकारी, निमसरकारी कार्यालयांनी आणि संस्थांनी जुन्या फॉन्टमधली फाइल मागणं थांबवावं. अजून मागतात. गेल्याच महिन्यात एका कार्यालयातून युनिकोडमधला मजकूर परत आला, आमच्याकडे अमुक फॉन्टमध्ये लागतो म्हणून, आणि मी चांगला टिकणारा मजकूर परत जे के ई मध्ये करून दिला, कारण गिऱ्हाइकाचं काम अडलं होतं. ते करताना खूप वाईट वाटलं. युनिकोडमध्ये आता मराठी वळणाचे चांगले फॉन्ट फुकट मिळतात, राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा आहे, टिरो देवनागरी मराठी आहे, मराठी ल आणि श हवे तसे दिसतात, तेव्हा अक्षर चांगलं दिसत नाही ही सबबही राहिलेली नाही.

माझं जुन्या फाइलींचं काम चालूच आहे. रोज दुकान बंद करायच्या आधी दहा फाइली बदलते, मूळ प्रिंट असेल तर तिच्याशी ताडून बघते, गट नंबर आणि क्षेत्र तर एकेक आकडा बोट ठेवून. पावसाळ्याच्या आत २००६ पर्यंतच्या होतील असं वाटतंय.

आपली नियमित वाचक,
एक टायपिंग-डीटीपी व्यावसायिक,
जुना सीबीएस परिसर, नाशिक